घरची ज्वारी: बीड जिल्ह्यांतील लहान शेतकऱ्याच्या अन्नाचा हिशेब

जो धान्य पिकवितो त्याच्या घरीं धान्याचा तोटा नसावा, असें कोणासहि वाटेल. परंतु बीड जिल्ह्यांतील एखाद्या आठवडे बाजारांत वैशाख-ज्येष्ठाच्या सुमारास जाऊन पाहावें. ज्वारीच्या पोत्यापुढें पिशवी घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांत भूमिहीन मजूर असतात, तसे तीन-चार एकरांचे धनी शेतकरीहि असतात. यांनीं आश्विनांत सोयाबीन काढलें, दिवाळीच्या आंत तें अडत्याच्या कांट्यावर घातलें, आलेल्या पैशांतून खताचें व बियाण्याचें देणें फेडलें, आणि आतां तेच पायलीच्या भावानें ज्वारी घेत आहेत. शेत आपलें, राबणूक आपली, आणि भाकरी मात्र विकतची, अशी ही स्थिति आहे.

हें लिहिण्यांत कोणास दोष देण्याचा हेतु नाहीं. प्रस्तुत लेखकाच्या घरींहि कांहीं वर्षें असेंच चाललें होतें. नगदी पीक घेऊं नये, असेंहि सांगावयाचें नाहीं; मुलांचें शिक्षण, औषधपाणी, लग्नकार्य यांस रोकड लागते व ती भाकरींतून निघत नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं, घरच्या अन्नासाठीं किती जमीन ठेवावी लागते, याचा हिशेब आपल्यापैकीं फार थोड्यांनीं केला आहे. आणि तो केला असतां असें दिसतें कीं, लागणारी जमीन आपण समजतों त्याहून बरीच कमी आहे.

जमीन व पाऊस

बालाघाटाच्या रांगेनें बीड जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. उत्तरेस गोदावरीच्या कांठची गंगथडी आहे. गेवराई व माजलगांव या तालुक्यांतील ही जमीन काळी, खोल व ओल धरून ठेवणारी आहे. डोंगराच्या माथ्यावर व पश्चिमेस पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या भागांत ती हलकी, मुरमाड व उथळ आहे. पाटोद्याच्या डोंगरांतच मांजरा नदी उगम पावते व केज, अंबाजोगाईच्या बाजूस उतरते. तिच्या खोऱ्यांत पुन्हां मध्यम व भारी जमिनी लागतात.

जिल्ह्याचा पाऊस सरासरीनें साडेसहाशें ते सातशें मिलिमीटर धरतात. पण सरासरीवर पीक येत नसतें. मृगांत पेरावें आणि आर्द्रा-पुनर्वसु कोरडीं जावीं, हा येथील नित्याचा अनुभव आहे. जायकवाडीचा उजवा कालवा, माजलगांवचें व मांजरेचें धरण यांमुळें कांहीं गांवें भिजलीं, तथापि जिल्ह्याचा मोठा भाग अद्याप कोरडवाहूच आहे. आपल्या वाडवडिलांची पीकपद्धति या दोन गोष्टींवर, म्हणजे जमिनीची खोली व पावसाची लहर यांवर, बसविलेली होती.

जुनी पीकपद्धति

हलक्या रानांत बाजरी, तिच्या ओळींत तूर, आणि मधून मटकी, हुलगा व अंबाडी, असा मेळ असे. पाऊस लवकर गेला तर बाजरी मार खाई, पण खोल मुळांची तूर तग धरी; दोन्ही गेलीं तरी हुलगा व मटकी घरापुरतीं हातीं येत. अंबाडीच्या पाल्याची भाजी होई व काडीचा वाख निघे. त्याचे दोर शेतीच्याच कामीं येत.

भारी रानांत खरिपास मूग किंवा उडीद घेत, अथवा रान मोकळें ठेवून कुळवीत. मूग पासष्ट-सत्तर दिवसांत निघतो. पोळ्याच्या सुमारास रान रिकामें झालें कीं उत्तरा व हस्त नक्षत्रांत रब्बी ज्वारी पेरावयाची. मुगाच्या मुळांवरील गांठींमुळें जमिनीस नत्र मिळे तें ज्वारीच्या कामीं येई. ज्वारी सगळी जमिनींत मुरलेल्या ओलीवर वाढे. शेताच्या कडेनें करडईचीं तासें धरीत. करडईस कांटे असल्यामुळें गुरें आंत शिरत नसत, म्हणजे तेल व कुंपण एकाच पेऱ्यांत साधे. एखाद्या तुकड्यांत जवस व हरभरा असे.

ही पद्धति पोटाच्या दृष्टीनेंहि पूर्ण होती, हें आतां आहारशास्त्रानें दाखविलें आहे. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत लायसीन नांवाचा घटक उणा असतो, तो डाळींत भरपूर असतो. आणि डाळींत मेथिओनीन उणें असतें, तें ज्वारी-बाजरींत मिळतें. म्हणून नुसत्या भाकरीपेक्षां किंवा नुसत्या वरणापेक्षां, भाकरीबरोबर डाळ, पिठलें किंवा उसळ खाल्ली असतां अंगीं अधिक लागते. बाजरींत लोह चांगलें असतें. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पांचव्या फेरींत, म्हणजे २०१९-२१ सालीं, महाराष्ट्रांतील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्ताची उणीव आढळली. तेव्हां ताटांतून बाजरी, हुलगा व रानभाज्या उठून जाणें, ही केवळ रुचीची गोष्ट नव्हे.

वर्षाचें अन्न

घरच्या अन्नाचा क्रम पिकांच्या क्रमाबरोबर चाले. उन्हाळ्यांत बायका खारोड्या, सांडगे व कुरडया करून वाळवीत आणि त्या पावसाळ्याच्या झडींत कामीं येत. आषाढांत घरची भाजी नसे, तेव्हां हुलग्याचे शेंगोळे, हुलग्याचें माडगें, ज्वारीच्या कण्या व ताक, पिठलें, लसणीचा ठेचा यांवर घर निभावे. कण्या शिजविण्यास भाकरीइतकें जळण व श्रम लागत नाहींत. पेरणी-खुरपणीच्या धांदलींत ही मोठी सोय असे.

श्रावण-भाद्रपदांत बांधावर व पिकांत आपोआप उगवणारी भाजी मिळे. तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू व अंबाडीचा कोंवळा पाला खुरपणाऱ्या बायका ओट्यांत घेऊन घरीं येत. मुगाच्या कोंवळ्या शेंगा मुलें शेतांतच खात. आश्विनांत नवी बाजरी घरीं येई आणि बालाघाटाच्या डोंगरांत सीताफळें पिकत. बीडच्या या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पूर्वीं त्यास कोणी विकत घेत नसे. गुरांमागें जाणाऱ्या पोरांचें तें दुपारचें खाणें असे.

मार्गशीर्षाच्या अमावास्येस अंबाजोगाई, परळी, केज या बाजूस वेळ अमावास्या करतात. त्या दिवशीं सगळें घर शेतांत जातें. कडब्याची कोपी उभारून आंत पांडवांचे दगड मांडतात. ताकांत ज्वारीचें पीठ आंबवून केलेली आंबील, बाजरीचे उंडे, बाजरीचा खिचडा, आणि तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, भुईमूग, मेथी व दुसऱ्या मिळतील त्या भाज्या बेसनांत शिजवून केलेली भज्जी, असा नैवेद्य असतो. त्या दिवशीं वाटेनें जाणाऱ्या परक्या माणसासहि हांक मारून जेवावयास बसवितात. या भज्जीकडे शेतकऱ्याच्या दृष्टीनें पाहावें: तींत काय काय पडलें, यावरून त्या घरीं त्या सालीं काय काय पिकलें, हें कळतें. ज्या घरीं भज्जीचे सगळे दाणे बाजारांतून आणावे लागतात, त्या घरचा सण झाला, पण शेत रितें राहिलें.

पौषांत हुरडा. गूळभेंडीसारख्या गोड वाणाचीं दोन-चार तासें मुद्दाम लावलेलीं असत. शेतांत आगटी पेटवून कणसें भाजावयाचीं, हातावर चोळून दाणे पाखडावयाचे, व बरोबर जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी. फाल्गुन-चैत्रांत नवी ज्वारी खळ्यांतून घरीं येई. लग्नसराईंत येसराची आमटी होई. भाजलेलें धान्य व मसाला एकत्र दळून केलेल्या त्या पिठावर शेकडों माणसांची पंगत उठे, आणि त्यांतलें पुष्कळसें घरचेंच असे.

या जुन्या चालीचें गुणगान करतांना एक गोष्ट झांकून ठेवूं नये. सर्वांस सर्व कांहीं मिळत होतें असें नाहीं. गहूं व तांदूळ बहुतेक घरीं सणासच दिसत. भाद्रपदांत पुष्कळांच्या कणग्या तळास लागत, आणि बलुत्यावर किंवा सालावर राबणाऱ्यांच्या तर त्याहि आधीं. घरांतहि पुरुष व मुलें जेवल्यावर जें उरे तें बाईच्या वांट्यास येई, आणि पहाटे जात्यावर बसावें लागे तें तिलाच. तेव्हां जुनें सगळें परत आणावें असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. त्यांतील कोणता भाग आज उपयोगी आहे, हें पाहावें.

सांठवण

उपयोगी भागांत पहिला मान सांठवणीचा आहे. घरांत लागणारें धान्य कणगींत ठेवीत. कणगी तुरीच्या तुराट्यांची किंवा बांबूच्या कामट्यांची विणून आंतबाहेर शेण-मातीनें लिंपलेली असे. माळवदाच्या मोठ्या घरांत भिंतीलगत बळद बांधीत. वरून धान्य ओतावयाचें व बुडाशीं असलेल्या भोकांतून काढावयाचें, म्हणजे जुनें धान्य आधीं निघे. आणि अधिक सालांची ज्वारी पेवांत जाई.

पेव गांवठाणाच्या पांढरींत खणीत. त्याचें तोंड अरुंद, पोट रुंद, व खोली पुरुषभर किंवा अधिक असे. आंत जाळ करून तें कोरडें करावयाचें, तळास व बाजूंस कडब्याचा जाड थर द्यावयाचा, ज्वारी भरावयाची, आणि तोंड फरशीनें व मातीनें बंद करावयाचें. आंतील हवा धान्याच्या श्वसनानें संपते, म्हणून किडे जगत नाहींत. यामुळें ज्वारी वर्षानुवर्षें टिके. कडेची थोडी पिवळी पडे व तिला वास येई, पण मधली शाबूत निघे. पेव उघडल्यावर मात्र लगेच आंत उतरत नसत. तोंड बराच वेळ मोकळें ठेवून दिवा आंत सोडीत. दिवा विझला तर उतरणें प्राणावर बेते. आज कोठें जुनें पेव सांपडलें व उघडण्याचा प्रसंग आला, तर हा नियम विसरूं नये.

पेवांतील ज्वारी ही लहान गांवाची पेढीच होती. सालगड्याचें साल, बलुतेदाराचें बलुतें, उसनवार, पाहुणा, लग्न व दुष्काळ, इतकीं सगळीं खातीं तींतून चालत. निजामी राजवटीच्या अखेरीस सरकारची लेव्ही सुरू झाली, तेव्हां शेतकऱ्यास राग आला तो याच कारणानें. त्याच्या दृष्टीनें वसुली धान्याची नव्हती, वर्षाच्या निर्धास्तीची होती.

बदल कसा झाला

हा मोड एका वर्षांत झाला नाहीं. १९६४ सालीं सी. एस. एच.-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. खरीप ज्वारीचें उत्पन्न वाढलें, पण त्या 'हायब्रीड'ची भाकरी लोकांच्या तोंडीं बसली नाहीं, आणि कणसें पावसांत सांपडलीं कीं दाणा काळा पडे. खरीप ज्वारीविषयीं मन उडालें तें तेव्हांपासून.

पुढें १९७२ चा दुष्काळ आला. पेवें रितीं झालीं व पुन्हां भरलीं गेलीं नाहींत. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांस सुकडी मिळाली, आणि परदेशांतून आलेली तांबडी मिलो ज्वारी लोकांनीं खाल्ली. तिची चव सांगणारीं वृद्ध माणसें अजून गांवोगांव भेटतात. धान्य दुकानांतून मिळतें, ही संवय त्या काळीं लागली, व ती प्राण वांचविणारी होती, हेंहि खरें.

नंतर सोयाबीन पसरलें. तें नव्वद-शंभर दिवसांत निघतें, यंत्रानें मळतां येतें व लगेच पैसा हातीं देतें. २००२ सालीं बी. टी. कापसास परवानगी मिळाली व गंगथडीच्या काळ्या रानांत कापूस वाढला. या दोन्ही पिकांचा एकहि दाणा थेट ताटांत येत नाहीं. त्यांबरोबर तणनाशक आलें व तांदुळजा, पाथरी हीं 'तण' ठरून गेलीं. जी भाजी फुकट मिळत होती, ती नाहींशी करण्यास आपण आतां पैसे मोजतों.

आणखी एक कारण आहे व तें सर्वांत जड आहे. बीड जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबें दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात व उन्हाळ्याच्या तोंडीं परत येतात. नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता', आणि त्यावर आधींच घेतलेली उचल. रब्बी ज्वारीची राखण पौषांत व काढणी माघ-फाल्गुनांत. म्हणजे ज्या महिन्यांत ज्वारीला माणसें हवीत, नेमक्या त्याच महिन्यांत माणसें दुसऱ्याच्या उसांत असतात. मागें उरतात म्हातारीं माणसें. त्यांच्यानें पांखरें हांकलणें होतें, पण ज्वारी काढणें, बांधणें, कणसें खुडणें हें होत नाहीं. जे गांवीं राहिले त्यांसहि काढणीस मजूर मिळत नाहीं. लोकांनीं ज्वारी आळसानें सोडली, असें म्हणणाऱ्यानें हा हंगामाचा विरोध आधीं ध्यानांत घ्यावा.

हिशेब

आतां मुख्य मुद्यावर येऊं. उदाहरणादाखल सहा माणसांचें कुटुंब घेऊं: चार मोठीं व दोन मुलें. मोठ्या माणसास दिवसास चारशें ग्रॅम व मुलास अडीचशें ग्रॅम धान्य धरलें, तर घरास रोज २,१०० ग्रॅम, म्हणजे वर्षास सुमारें ७६६ किलो धान्य लागतें.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालचा आहे. त्याखालीं प्राधान्य कुटुंबास दर माणशीं दरमहा पांच किलो धान्य मिळतें, व जानेवारी २०२३ पासून तें मोफत आहे. सहा माणसांचें वर्षाचें ३६० किलो झालें. उरले ४०६ किलो. त्यांत बियाणें, पाहुणे व राखीव शिल्लक यांसाठीं मिळून सुमारें एक क्विंटल मिळवून पांच क्विंटल धरूं. कोरडवाहू मध्यम जमिनींत रब्बी ज्वारीचें एकरीं चार क्विंटल उत्पन्न बेताचें समजावें. म्हणजे लागणारी जमीन एक एकर दहा गुंठे.

त्याच एक एकर दहा गुंठ्यांत खरिपास मूग किंवा उडीद घेतला व एकरीं दोनच क्विंटल आला, तरी अडीच क्विंटल डाळवर्गीय धान्य मिळतें. घरास रोज तीनशें ग्रॅम डाळ धरली तर वर्षास एकशें दहा किलो पुरतें. उरलेलें विकावें, अथवा तुरीशीं बदलून घ्यावें. तेलाचा खर्च सहा माणसांस वर्षास पंचावन्न किलोच्या सुमारास होतो. त्यांतलें निम्में घरचें करावयाचें तर करडई एक क्विंटल लागते. एकरीं तीन क्विंटल उत्पन्न धरल्यास तीस तेरा-चौदा गुंठे पुरतात.

एकूण एक एकर चोवीस गुंठे झाले. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें महाराष्ट्रांत दर खातेदारामागें सरासरी १.३४ हेक्टर, म्हणजे तीन एकर बारा गुंठे जमीन आहे. तेव्हां सरासरी खातेदाराचीहि निम्म्याहून अधिक जमीन सोयाबीन, कापूस किंवा दुसऱ्या नगदी पिकास मोकळी राहते, आणि ज्वारीच्या रानांतून मुगाचें एक पीक आधींच निघालेलें असतें.

कोणी म्हणेल, सोयाबीनाचा भाव अधिक आहे. खरें आहे. २०२४-२५ च्या हंगामास सोयाबीनाचा हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये व मालदांडी ज्वारीचा ३,४२१ रुपये होता. परंतु २०२४ सालीं पुष्कळांस सोयाबीन हमीभावाखालींच विकावें लागलें. ज्वारी मात्र घरांत खावयाची असल्यामुळें तिचा भाव विकण्याच्या दरानें धरावयाचा नाहीं. उन्हाळ्यांत ती किरकोळ बाजारांत ज्या दरानें घ्यावी लागते त्या दरानें धरावयाचा. शिवाय कडबा आहे. ज्वारीच्या दाण्याच्या दुपटी-अडीचपटीनें कडबा निघतो. एकरीं दहा क्विंटल कडब्यावर एक जनावर साडेचार महिने निघतें. २०१५-१६ व २०१८-१९ च्या दुष्काळांत आपल्या जिल्ह्यांत जनावरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या. त्या दिवसांत कडब्याची गंजी ज्याच्या खळ्यांत होती त्यास दावणीचें जनावर विकावें लागलें नाहीं.

दुसरी शंका अशी कीं, दुकानचें धान्य मिळत असतां इतकी खटपट कां करावी? त्यास उत्तर आपल्याच अनुभवांत आहे. मराठवाडा व विदर्भांतील चौदा जिल्ह्यांच्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांस २०१५ पासून स्वस्त धान्य मिळूं लागलें, व त्यांत बीडहि होतें. २०२३ सालीं त्या धान्याऐवजीं दर माणशीं दरमहा १५० रुपये देण्याचें ठरलें. दीडशें रुपयांत किती ज्वारी येते, तें ज्याचें त्यानें मोजावें. दुकानचें धान्य हा आधार आहे. तो घ्यावा, त्यांत कमीपणा नाहीं. पण तो आपल्या हातचा नाहीं. ज्यांस प्राधान्य यादींत स्थान नाहीं, त्यांनीं वरच्या हिशेबांतील ३६० किलो स्वतःच्याच शेतांत धरावेत, म्हणजे ज्वारीस दोन एकरांहून थोडी अधिक जमीन लागेल.

हा हिशेब बऱ्या सालाचा आहे. वाईट सालीं उत्पन्न निम्म्यावर येतें. राखीव क्विंटल त्यासाठींच धरला आहे, व तो चांगल्या सालीं दोन क्विंटलांवर न्यावा.

काय करावें

(१) ज्येष्ठांत पेरणीपूर्वीं घरांत बसून घरच्या अन्नाचा हिशेब मांडावा. घरांत किती लागतें हें बाईस अधिक कळतें, म्हणून तिला विचारल्याशिवाय तो करूं नये.

(२) हिशेबांतली जमीन मुगास अथवा उडदास ठेवावी व भाद्रपदाच्या अखेरीपासून ज्वारी पेरावी. पेरणी फार लांबल्यास खोडमाशी अधिक लागते व ओलहि उडते. एकरीं चार किलो बियाणें पुरे होतें.

(३) वाण जमिनीच्या खोलीवर ठरवावा. हलक्या जमिनीस फुले अनुराधा, मध्यम जमिनीस फुले सुचित्रा, भारी जमिनीस फुले वसुधा, परभणी मोती, किंवा मोहोळ येथें निवड केलेली मालदांडी ३५-१. मालदांडीची भाकरी व कडबा दोन्ही लोकांस पसंत आहेत, म्हणून तिची मागणी इतकीं वर्षें टिकली आहे. ज्वारी हा सरळ वाण असल्यामुळें निवडक कणसांचें बीं घरीं धरतां येतें. अधिक माहिती परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाकडून व जिल्ह्यांतील कृषि विज्ञान केंद्रांतून घ्यावी.

(४) हलक्या रानांत बाजरी व तूर सोडूं नये. बाजरींत स्निग्धांश अधिक असल्यामुळें तिचें पीठ लवकर कडवट होतें. म्हणून आठवड्यापुरतेंच दळावें.

(५) धान्य कडक उन्हांत वाळवून, दांताखालीं कट्ट वाजूं लागल्यावरच भरावें. हल्लीं मिळणाऱ्या हवाबंद पिशव्यांत पेवाचेंच तत्त्व आहे; त्यांत किडा हवेवांचून मरतो.  खाण्याच्या धान्यांत विषारी गोळ्या टाकण्याची चाल धोक्याची आहे. ती घरांत तरी अजिबात बंद करावी.

(६) काढणीची अडचण एकट्यानें सुटत नाहीं. आठ-दहा घरांनीं मिळून सावड करावी, अथवा काढणी-मळणीचें यंत्र भाड्यानें एकत्र आणावें. ऊसतोडीस गेलेल्यांची ज्वारी मागें राहिलेल्यांनीं वांट्यानें काढून कणगींत घालावी. चैत्रांत दमून परत येणाऱ्या कुटुंबास घरीं नवी ज्वारी तयार सांपडली, तर पुढच्या उचलीचा आंकडा कांहीं तरी खालीं येईल.

(७) बांधाचा एक कोपरा तणनाशकापासून राखावा. तांदुळजा, पाथरी व अंबाडी तेथें आपोआप येतील.

समारोप

संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें म्हणून पाळलें. शहरांतून ज्वारी-बाजरीची वाखाणणी झाली, व हुरड्याच्या पार्ट्यांस पैसे देऊन लोक येऊं लागले. यांत आनंदच आहे. कोणी हुरडा विकून चार पैसे करीत असेल, तर त्यानें जरूर करावे. परंतु शहरच्या माणसास आपल्या शेतांत बसवून हुरडा खाऊं घालावा, आणि आपण स्वतः मात्र ज्येष्ठांत दुकानीं पायली शोधावी, हें शोभणारें नाहीं.

मंडळाच्या सभासदांस विनंति कीं, येत्या पेरणीपूर्वीं प्रत्येकानें आपल्या घरचा हा हिशेब कागदावर मांडावा व गांवच्या बैठकींत वाचून दाखवावा. आंकडे प्रत्येकाचे निराळे येतील. कोणाचें रान हलकें, कोणाचें घर मोठें. पण वर्षाच्या भाकरीपुरती जमीन कोणती, हें एकदां ठरलें म्हणजे उरलेल्या जमिनींत काय लावावें याचा विचार भीतीनें करावा लागत नाहीं. सोयाबीन चार दिवस घरांत ठेवून भावाची वाट पाहण्याचें बळ त्यालाच असतें, ज्याच्या कणगींत ज्वारी आहे.